करपलेल्या पानांचे पांघरूण

एकदा एक वृद्ध गुरुजी मरुभूमीच्या काठी, एका गोड्या विहिरीच्या आधाराने राहत होते. भोवती वाळू, मधे विहीर आणि विहिरीला लागून भाजीचे वाफे, एवढाच त्यांचा संसार. त्यांच्यापाशी एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, कामाला वाघ; पण स्वस्थ बसणे काही त्याच्या कुंडलीत नव्हते. खिचडी शिजली का हे पाहायला तो इतक्यांदा झाकण उचलायचा, की गुरुजींनी कच्ची खिचडी हे आपले प्रारब्धच मानले होते.

एके दिवशी शेजारच्या वस्तीतली एक म्हातारी पदराच्या गाठीत वांग्याचे बी घेऊन आली. तिच्या विहिरीचे पाणी खारे झाले होते. हे वांगे तिच्या घरात सासूच्या सासूपासून चालत आलेले. आता दुसरीकडे कुठेच उरले नव्हते. गोड्या पाण्यावर एवढे बी वाढवून द्या, असे तिने विनवले. गुरुजींनी ते सगळे शिष्याच्या ओंजळीत ठेवले. इतके मोलाचे काही त्याच्यावर आजवर कोणी सोपवले नव्हते. त्या दिवसापासून त्याच्या जिवाला थारा नाहीसा झाला.

भिंतीच्या आडोशाला मडक्यांत रोपे वाढली, वीतभर झाली. संक्रांत उलटली. दुपारी अंगातून घाम निथळू लागला आणि शिष्याचा धीर सुटला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असेही नाही. त्या प्रदेशात चैत्र सरता सरता अशा झळा सुटतात, की वांग्याचे फूल फळ धरण्याआधीच गळून पडते. उशीर झाला तर बी हाती लागणार नव्हते. गुरुजी मात्र विहिरीजवळच्या शमीकडे बोट दाखवत. तिला नवी पालवी फुटली, की थंडी खरोखर गेली असे समजावे, तोवर रोपे आडोशालाच राहू द्यावीत, एवढेच ते सांगत. शिष्य रोज सकाळी शमीखाली जाऊन मान वर करून उभा राही. ते झाड आपल्याशी दावा साधून बसले आहे, असे त्याला वाटू लागले.

अशात गुरुजी एका आजारी मित्राला भेटायला दूर गेले. त्यांची पाठ वळताच शिष्याने सगळी रोपे वाफ्यांत लावून टाकली. नवी माती मानवली, रोपे टरारून वाढली, आणि तो स्वतःवर बेहद्द खूश झाला. पण वाळूला ऊब साठवून ठेवता येत नाही. दिवसा ती जितकी तापते तितकीच रात्री गारठते. एका पहाटे दव गोठले. उन्हे वर आली तेव्हा पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती, आणि दुपारपर्यंत काळी पडली.

गुरुजी आज-उद्या परतणार, हे शिष्याला आठवले. त्याने विळा उचलला आणि काळे शेंडे छाटायला सुरुवात केली. अर्धे वाफे छाटून होतात न होतात तोच गुरुजी दारात उभे राहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या हातातला विळा घेतला, झोपडीच्या छपरात खोचला आणि उरलेल्या रोपांचे एक पानही तोडायचे नाही, अशी ताकीद दिली.

शिष्याला याचा अर्थ लागेना. ते काळे वाफे नेमके विहिरीच्या वाटेवर होते. येणाराजाणारा ते पाहून मगच पाणी प्यायचा. उंटांचा तांडा घेऊन आलेल्या एका व्यापाऱ्याने तर हसत विचारले, "ही राख कोणी केली?"

"थंडीने," शिष्य घाईघाईने म्हणाला. गुरुजींनी ते ऐकले आणि ते पोहरा विहिरीत सोडत राहिले.

इकडे छाटलेल्या रोपांना लुसलुशीत हिरवे फुटवे आले. मग तर शिष्य दिवसातून दहादा छपराकडे पाहू लागला. उरलेलेही छाटू द्या, म्हणून त्याने भुणभुण लावली. गुरुजी नाहीच म्हणत राहिले. माघ सरता सरता थंडी पुन्हा उलटून आली. दोघांनी मिळून सगळ्या रोपांवर गवत पसरले, पोती टाकली. तरी पहाटे दव पुन्हा गोठले. कोवळे फुटवे तेवढ्याने जळाले आणि ती रोपे मुळापर्यंत गेली. न छाटलेली रोपे होती तशीच काळी उभी राहिली.

काही दिवसांनी शमीला पालवी फुटली. गुरुजींनी विळा शिष्याच्या हाती दिला आणि काळी पाने बाजूला करून दाखवली. खाली, खोडाला चिकटून, हिरवा डोळा, नव्या फांदीचा इवला कोंब, जिवंत होता.

"करपलेलं पान मेलेलं असतं, पण खालच्या डोळ्यावर पांघरूण घालतं," गुरुजी म्हणाले. "आणि ते अंगावर असेतो झाड नवं फुटायची घाई करत नाही. तू लावायची घाई केलीस, ती बी जगावं म्हणून. तिला मी चूक म्हणेन, दोष म्हणणार नाही. पण विळा घेतलास तो रोपांसाठी नव्हता, बाळ. माझ्या नजरेला काळं पडू नये म्हणून होता. चूक झाकायला माणूस जी घाई करतो, तीच उरलंसुरलं घेऊन जाते."

शिष्याने जपून, हिरवे लागेल तिथपर्यंतच छाटले. झळा सुटण्याआधी मोजक्याच झाडांवर वांगी धरली, पिकून पिवळी झाली. मूठभरही नसलेले ते बी घेऊन तो म्हातारीकडे गेला.

तिने बी तळहातावर पसरून पाहिले. "थंडीनं गेली का रे बाकीची?"

होकार त्याच्या ओठावर आला होता. तो थांबला.

"थंडी जायच्या आत मीच लावली, आजी. आणि त्यातूनही जी वाचली असती, ती मी छाटली."

म्हातारीने निम्मे बी पदरात बांधले आणि निम्मे त्याच्या ओंजळीत परत टाकले. पुढच्या सालच्या लावणीला हे तुझ्याकडेच असू दे, म्हणाली. परतीच्या वाटेवर त्याचे पाय, बहुधा जन्मात प्रथमच, सावकाश पडत होते.