नऊ दारांमागची ज्योत

एका राज्यात डोंगरावर एक मंदिर होतं आणि मंदिरात एक ज्योत होती. तेल नाही, वात नाही, तरी ती जळत असे. ज्योत हाच त्या राज्याचा देव. पूर्वी कुणीही यावं, तिच्यासमोर बसावं, मनातलं सांगावं आणि हलक्या पावलांनी आपल्या वाटेनं जावं, असा रिवाज होता.

पुढे महंत भस्मधर आला. त्याला मंत्र येत होते, तंत्र येत होतं. त्यानं ज्योतीभोवती नऊ दारं उभी केली, तीन दगडाची, तीन पाण्याची, तीन आगीची. मंदिराच्या माथ्यावर सोन्याची घंटा टांगली आणि दवंडी पिटवली, "देवाला घंटेचा नाद तेवढा कळतो. माणसांचे शब्द विटाळलेले आहेत. देवाशी बोलायचं ते मठानं. आपल्या शब्दांत जो देवाला हाक मारील, त्याचा आवाज घंटेचा होईल."

आणि तसंच होई. सूर्य उगवताना घंटा वाजे, मावळताना वाजे. मधल्या वेळात कुणी देवाचं गाणं म्हटलं असेल, तर पुढच्या टोल्याला त्याचा आवाज कंठातून निघे, धुरासारखा डोंगर चढे आणि घंटेत शिरे. घंटा तेवढी जड होई, तिचा नाद तेवढा गोड होई. नाद कानी पडला की गुडघे आपोआप वाकत. नांगरणारा नांगराच्या सरीत वाके. पाणी नेणारीची घागर फुटे. राजा मणिध्वज सिंहासनावरून उतरून वाके आणि त्याचा मुकुट फरशीवर घरंगळत जाई.

ज्याचा आवाज गेला त्याच्या गळ्याला पितळेचं कडं पडे. ते पितळ हळूहळू खाली उतरे आणि काळजाशी पोचलं की माणसाचा पुतळा होई. मठाच्या अंगणात असे पुतळे रांगेनं उभे होते. यात्रेकरूंना सांगत, हे देवाचे आवडते सेवक.

त्या राज्यात नदीकाठी रंभाजी नावाचा गाणारा राहत असे. त्याची बायको सारजा. त्यांना बकुळी नावाची एकुलती एक लेक होती. एकदा तिला ताप चढला. औषधं हरली, तेव्हा दोघांनी तिला उचलून मंदिर गाठलं. पहिल्या दाराशी मठाच्या चाकरांनी भाले आडवे धरले.

"पोर तापात बरळते आहे. देवाचं नाव आपल्या तोंडानं घेते आहे. आत नेता येणार नाही."

बकुळी खरंच बरळत होती. "देवा, थोडा उजेड दे," एवढंच ती म्हणत राहिली आणि म्हणता म्हणता पायरीवर निमाली.

त्यानंतर रंभाजी फार दिवस बोलला नाही. मग एका दुपारी त्यानं तुणतुणं उचललं आणि भर बाजारात उभा राहून गाऊ लागला,

"नऊ दारांच्या आड, देव ठेवला कोंडून,
किल्ली कमरेला लावून, म्हणती देव आमचा!
ऊन कुणी कोंडलं का, वारा कुणी बांधला का,
लेकराच्या माझ्या हाका, कोण अडवी दाराशी?"

कुणी कान झाकले, पण गाणं बोटांच्या फटींतून आत गेलं.

सारजा धावत आली. "गाऊन लेक परत येते का? आता तुम्हीही जाणार. मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

रंभाजी म्हणाला, "सारजे, हे गाणं पोटात ठेवलं असतं, तर मी आतून मेलो असतो."

आवाज जाण्याआधीचे तेच त्याचे शेवटचे शब्द. सूर्य मावळला, टोला पडला, आणि रंभाजीच्या गळ्याला पितळ लागलं.

सारजा रोज त्याच्या छातीवर हात ठेवून बघे. रोज पितळ बोटभर खाली आलेलं असे. एका पहाटे ती घराच्या अंगणात बसून राहिली, तेव्हा पिंपळावरून एक तांबट पक्षी बोलला, "बाई, धातूची भाषा मला कळते. उद्या हे पितळ काळजाला भिडेल."

"उपाय सांग."

"ज्योतीपर्यंत जा. वाटेतली दारं शस्त्रानं उघडत नाहीत. मंत्रानं बांधलेलं गाण्यानंच सुटतं. दाराला खरं तेच विचार, पण गाऊन विचार. सकाळच्या टोल्यानंतर आरंभ कर आणि संध्याकाळच्या टोल्याआधी आटप. नाहीतर तुझाही आवाज जाईल."

"मला गाता येत नाही."

"तुला विचारायचं आहे ना? मग येईल."

सकाळचा टोला पडून गेला आणि सारजा डोंगर चढली. दगडी दारांशी तीन दगडी हत्ती उभे होते. भालेकरी धावले, तोच एका हत्तीनं सोंड हलवून त्यांना बाजूला सारलं आणि म्हटलं, "बोल."

सारजानं डोळे मिटले. आवाज कापरा होता, पण निघाला,

"डोंगराच्या पोटी होता, पाठीवरती रान होतं,
पाखरांचं गाव होतं, कुणी केलं द्वारपाळ?"

हत्तींच्या डोळ्यांतून वाळू गळू लागली. त्यांना डोंगर आठवला. दारं पाठीवर घेऊन ते वळले आणि पायऱ्या उतरून, शहराच्या मधल्या रस्त्यानं, आपल्या रानाकडे चालू लागले. लोक घराघरातून बाहेर आले. मग ते हत्ती ज्या वाटेनं आले होते, त्या वाटेनं सगळं शहर डोंगराकडे निघालं. राजा मणिध्वजही अनवाणी निघाला.

वर सारजा पाण्याच्या दारांपुढे उभी होती. पाणी भिंतीसारखं उभं होतं आणि त्यात काळ्या सुसरी फिरत होत्या. ती गायली,

"आभाळाचं तू गं लेणं, तुला जात ना गोत,
तहानेल्या ओंजळीत, विचारशी का कोण तू?"

पाणी लाजलं. उभं होतं ते आडवं झालं आणि पायऱ्यांवरून खळाळत खाली गेलं. चढणाऱ्या लोकांनी ते ओंजळीनं प्यायलं. सुसरी त्याच पाण्याबरोबर नदीला मिळाल्या.

आगीच्या दारांशी स्वतः भस्मधर उभा होता.

"बाई, परत फिर. देवाची भाषा तुला येत नाही."

"महाराज, मला रडू येतं. ती कुणाची भाषा?"

भस्मधरानं मूठभर भस्म फुंकलं. आग मंदिराच्या कळसापर्यंत चढली. सारजाच्या पदराची कड करपली, तरी ती हलली नाही. तिनं नवऱ्याचंच गाणं उचललं. "ऊन कुणी कोंडलं का, वारा कुणी बांधला का..." आणि आग मागे सरली. कुणी आतून दोरीनं ओढावी तशी ती आत आत गेली आणि तिन्ही दारं नाहीशी झाली.

सारजा गाभाऱ्यात आली. ज्योत करंगळीएवढी होती. पण तिच्या उजेडात भिंती दिसत नव्हत्या. दिसत होतं सगळं राज्य, एकेक घर, एकेक चूल, गवताच्या पात्यावरची मुंगीसुद्धा. सारजाचे हात आपोआप जुळले. गुडघे मात्र वाकले नाहीत, कारण इथे कुणी वाकवत नव्हतं.

"कोण आलं आहे?" ज्योतीनं विचारलं.

"सारजा. रंभाजीची बायको. बकुळीची आई."

"किती काळानं माणसाचा आवाज आला! इथे घंटेवाचून काही ऐकू येत नाही."

"माझी लेक तुझ्या पायरीवर गेली. तिनं तुला हाक मारली होती."

ज्योत थरथरली. "मला ऐकू आली नाही."

एवढा राग घेऊन सारजा आली होती, आणि समोर तर कोंडलेलं कुणीतरी बसलं होतं.

"ते गाणं पुरं म्हण," ज्योत म्हणाली.

"त्यात तुझ्यावर राग आहे."

"राग खरा आहे ना? मग म्हण."

सारजा गायली. शेवटची ओळ आली, "लेकराच्या माझ्या हाका, कोण अडवी दाराशी?" आणि बाहेर भस्मधर ओरडला, "वाजवा घंटा! वेळ पाहू नका!"

टोला पडला. सारजाचा आवाज धुरासारखा निघाला आणि घंटेत शिरला. तिच्या गळ्याला थंड कडं पडलं. पायऱ्यांवरचं सगळं शहर गुडघ्यांवर आलं, कपाळं दगडाला टेकली. भस्मधर हसला.

तेव्हा पायऱ्यांवर वाकलेली एक म्हातारी, मान वर न करताच, पुटपुटली, "ऊन कुणी कोंडलं का..." शेजारच्या विणकरानं पुढची ओळ उचलली. मग एका लेकुरवाळीनं. मग राजा मणिध्वजानं, बेसूर, पण मोठ्यानं. गाणं पायरीपायरीनं वर चढू लागलं. कुणाला अर्धंच येत होतं, कुणी आपले शब्द घालत होतं, कुणी आपल्या मेलेल्या माणसांची नावं घालत होतं.

"वाजवा!" भस्मधर किंचाळला.

दुसरा टोला पडला. घंटेनं साऱ्या शहराचा आवाज एकदम ओढला. घंटा फुगली, तांबडी झाली, तिला तो पेलवेना. आणि एवढा मोठा आवाज झाला, की डोंगरापलीकडच्या राज्यातली गुरंही माना वर करून थांबली. घंटा उभी चिरली.

आवाज बाहेर पडले. थव्यांसारखे ते आभाळात फिरले आणि ज्याचा तो आपापल्या कंठात जाऊन बसला. मठाच्या अंगणातल्या पुतळ्यांवरचं, सारजाच्या नि रंभाजीच्या अंगावरचं पितळ सालीसारखं सोलून पडलं. कुणी जांभई दिली, कुणी अर्धवट राहिलेली ओळ पुरी केली.

सगळ्यात शेवटी घंटेच्या तळातून एक बारीक आवाज निघाला. घंटा ओतली तेव्हा पहिला बळी म्हणून भस्मधरानं आपलाच लहानपणचा आवाज तिला दिला होता, तो हा; तेव्हापासून तो मंत्राच्या उसन्या आवाजात बोले. तो परत त्याच्या कंठात शिरला. महंतानं शाप द्यायला तोंड उघडलं, तर आवाज आला कोवळ्या मुलाचा. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तो मटकन खाली बसला आणि रडू लागला. त्या म्हातारीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण तिथे दुसरं कुणी पुढे झालं नाही.

राजा मणिध्वजानं चिरलेल्या घंटेचं सोनं वितळवलं आणि राज्यात जिथे विहीर नव्हती तिथे विहीर खणवली. गाभाऱ्याला दार लावायचं नाही, असा त्यानं हुकूम काढला. लोक ज्योतीवर काडी पेटवून आपापल्या चुलीसाठी विस्तव नेऊ लागले. ज्योत तसूभरही कमी झाली नाही.

सारजा आणि रंभाजी दुसऱ्या दिवशी डोंगरावर गेले. ज्योतीपुढे बसून त्यांनी बकुळीच्या गोष्टी सांगितल्या, तिला काय आवडे, ती कशाला घाबरे, झोपेत कशी हसे. सांगता सांगता दिवस कलला. ज्योत ऐकत होती.

त्यांचं दुःख ऐकलं गेलं, तसं तुमचं आमचं ऐकलं जावो.