मोठी अक्षरं

“म्हणजे कागद पवित्र आणि ते यंत्र अपवित्र... असंच ना?” केशोबाबांनी विचारलं.

“असंच, बाबा,” भार्गव म्हणाला. “मठात ग्रंथ वाचतात. खेळणी नाही वाचत.”

पूर्णेकाठच्या त्या लहानशा मठात ग्रंथांचं कपाट भार्गवच्या ताब्यात होतं. कसर लागू नये म्हणून तो पोथ्यांना ऊन दाखवी, नवी बासनं शिवून घेई. त्याच्याइतकं पुस्तकांवर प्रेम गावात कुणाचं नव्हतं, असं लोक म्हणत. त्यालाही ते खरं वाटे.

“रविवारी काय झालं?” बाबांनी विचारलं.

“इंदुताई ढोमणे पोथी ऐकायला ई-रीडर घेऊन बसल्या होत्या. मी तो काढून घेतला. बाहेर चपलांच्या फळीवर ठेवला.”

“त्या काही बोलल्या?”

“म्हणाल्या, ‘महाराज, यात अक्षरं मोठी होतात हो.’”

“मग तू काय म्हणालास?”

भार्गवला हसू आलं. “मी म्हणालो, अक्षरं मोठी केली म्हणून श्रद्धा मोठी होत नाही.”

“लोक?”

“हसले सगळे.”

“आणि इंदुताई?”

“...मधूनच उठून गेल्या. यंत्र न घेताच.”

बाबांनी दाराकडे हात केला.

“घेऊन ये ते.”

ई-रीडर अजून फळीवरच होता. धुळीनं माखलेला. भार्गवनं उपरण्यानं पुसून तो सुरू केला. समोर पान उघडलं. रविवारी बाबांनी सांगितला, तोच अध्याय होता.

त्या इथलंच वाचत होत्या तर.

“अक्षरं मोठी कर,” बाबा म्हणाले.

त्यानं केली.

“अजून.”

त्यानं अजून केली.

“अजून...”

पानावर आता चारच शब्द मावत होते. बाबांनी यंत्र डोळ्यांपाशी नेलं. पहिलीतलं पोर वाचतं तसं बोट ठेवून, अडखळत त्यांनी ते चार शब्द वाचले. मग चारी पुन्हा वाचले. त्यांच्या पांढऱ्या दाढीवर पाणी ओघळलं.

भार्गव बघत राहिला.

“बाबा... तुम्हाला दिसत नाही?”

“कडेकडेनं दिसतं. मधलं गेलं.”

“आणि रोजची पोथी?”

“पाठ आहे.”

“पण तुम्ही पानं उलटता!”

“उलटतो. नाहीतर लोक काळजी करतात.”

भार्गवला श्रावणातली गोष्ट आठवली. एकदा चुकून त्यानं भलतीच पोथी चौरंगावर ठेवली होती. तरी बाबांनी अध्याय घडाघडा म्हटला होता. केवढी सिद्धी, म्हणून त्यानं ती गोष्ट गावभर सांगितली होती. रोज तो बाबांच्या हाताशी बसत होता. पोथीचा कोपरा दुमडला तर त्याला लगेच दिसे.

त्याचे कान तापले. मान वर होईना.

“मला का नाही सांगितलंत, बाबा?”

बाबांनी ई-रीडर त्याच्या हातात दिला.

भार्गव तसाच इंदुताईंकडे गेला. भर दुपारची वेळ होती. दार त्यांनीच उघडलं. आवाज ऐकेपर्यंत त्यांनी त्याला ओळखलं नाही. त्यानं यंत्र पुढे केलं आणि वाकून पायांना हात लावला. त्या मागे सरल्या.

“असं नका करू, महाराज. बसा. चहा टाकते.”

त्यांनी चाचपडत गॅस पेटवला. कप भरताना कडेवर बोट ठेवून चहा कुठवर आला ते पाहिलं. भार्गवनं कप तसाच खाली ठेवला.

तो मठात परतला तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते.

“रागावल्या?”

“नाही... रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘नजर गेली की माणूस आधी चारचौघांत जायचं सोडतो, महाराज. मी तर आले होते.’”

“येतील आता?”

“विचारायची हिंमत झाली नाही.”

आत कपाटात त्याच्या सगळ्या पोथ्या नीट बांधलेल्या होत्या. भार्गव हात जोडून म्हणाला, “बाबा, मला प्रायश्चित्त द्या. सांगाल त्या ग्रंथाचं पारायण करतो. कागदावर सांगा, नाहीतर यंत्रावर सांगा. कशावरही वाचीन.”

“नको,” केशोबाबा म्हणाले. “तू थोडे दिवस काही वाचूच नकोस.”