धोंडासुराच्या रांजणातले शब्द

या, जवळ सरका. मालू, पाय पांघरुणात घे. हां, आता ऐका.

राजा होता एक, बरं का. त्याचं नाव दंडधर. राणीचं नाव शेवंता. त्यांना एक लहानगा मुलगा होता, नुकता रांगायला लागलेला. त्याला सगळे मोतीराजा म्हणायचे.

राजा तसा वाईट नव्हता हो. न्याय नीट करायचा, भुकेल्याला जेवू घालायचा. पण एकदा काय झालं, त्याच्या एका घोडेस्वाराची लोकांनी फार वाहवा केली. तो गेला चढून. भर वेगात घोडा दौडवला आणि घोड्यासकट ओढ्यात पडला. राजाचा लाडका घोडा लंगडा झाला. मग राजा असा संतापला, की त्यानं गावोगाव दवंडी पिटली. "कौतुकानं माणसं बिघडतात. आजपासून कुणी कुणाला शाब्बास म्हणायचं नाही. वा म्हणायचं नाही. छान, झकास, फक्कड, काही काही म्हणायचं नाही."

लोक बिचारे गप्प बसले. पण शब्द किती दिवस तोंडात कोंडून राहणार? एका सकाळी माणसं जांभया देत उठली, आणि जांभईबरोबर ते शब्द बाहेर पडले. छोटे छोटे, पिवळ्या पाखरांसारखे. थवाच्या थवा उडाला आणि डोंगराकडे निघून गेला.

मग कुणी बोलायचं म्हटलं तरी बोलता येईना. शेतकरी बैलाच्या पाठीवर थाप मारायचा, तोंड उघडायचा, पण पुढं शब्दच नाही. बैल मान वळवून बघायचा आणि तिथंच उभा राहायचा. गाई पान्हा चोरायला लागल्या. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बायका मुक्यानं दळायला लागल्या.

आणि मोतीराजा? तो एक दिवस खांबाला धरून उभा राहिला. मग खांब सोडला. डुलत डुलत आईकडे बघायला लागला. राणीनं तोंड उघडलं. शब्द आला नाही. पोरानं जराशी वाट बघितली आणि ते मटकन खाली बसलं. त्यानंतर ते उभं राहिलंच नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, होळी आली, पोर आपलं रांगतंच आहे.

वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी पाय दाबून बघितले. म्हणाले, "राणीसाहेब, पायांत काही खोट नाही. याला कौतुकाचा शब्द हवाय. आणि ते शब्द धोंडासुर राक्षसानं धरून रांजणात कोंडलेत. मी डोंगरावर मुळ्या आणायला जातो ना, तेव्हा रांजणातून चिवचिव ऐकू येते."

राजा म्हणाला, "मी सैन्य घेऊन जातो."

राणी म्हणाली, "भाल्यांना घाबरून शब्द येतील का? मी जाते."

"आणि त्यानं खाल्लं तर?"

राणीनं पदर खोचला. पोराला कडेवर घेतलं आणि निघाली. राजा तिच्या मागं मागं डोंगराच्या पायथ्यापर्यंत आला आणि तिथंच एका जांभळीखाली बसून राहिला.

डोंगरावर गुहा. गुहेच्या दाराशी रांजण. रांजणावर पाटा पालथा घातलेला. आणि शेजारी धोंडासुर, टेकडीएवढा. राणीनं आपलं गाऱ्हाणं सांगितलं. राक्षस म्हणाला, "मला आजवर कुणी चांगलं म्हटलं नाही. म्हणून हे शब्द धरून ठेवले, पण कोंडलेला शब्द मला काही म्हणेना. आता तूच माझी तीन कामं बघ. तिन्ही मनापासून आवडली, तर रांजण उघडतो. पण आवडल्याचं खोटं सोंग केलंस, तर दोघांना इथंच ठेवून घेईन."

मग त्यानं भाकरी थापली. चुलीवरून काढून राणीच्या पुढ्यात ठेवली. राणी सकाळपासून उपाशी होती. तिनं खाल्ली.

"कशी झालीय?"

"एका बाजूनं करपलीय," राणी म्हणाली. मग जराशी थांबून म्हणाली, "अजून अर्धी वाढ."

राक्षस तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या घरी कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं.

मग त्यानं गुहेतून एक गोधडी आणली. स्वतः शिवलेली, बरं का. एवढाल्या बोटांनी. डोंगरावर वारा सुटला होता, मोतीराजा कुडकुडत होता. राणीनं गोधडी उलगडली, टाके हातानं चाचपले, आणि पोराला तिच्यात गुंडाळलं. पोर कुडकुडायचं थांबलं. राणीला सुटल्यासारखं वाटलं. तिनं गोधडीचं टोक आपल्याही खांद्यावर ओढून घेतलं. राक्षसानं यावेळी विचारलंसुद्धा नाही.

तिसरं काम म्हणजे गाणं. आणि ते गाणं म्हणजे, काय सांगू तुम्हाला. जात्यात दगड भरडल्यासारखा आवाज. राणीच्या कानांत दडे बसले. गाणं संपलं.

"आवडलं?"

खरं सांगावं तर तो चिडणार. खोटं सांगावं तर दोघंही कायमची इथंच. तिनं पोराला छातीशी घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, "मला नाही आवडलं, धोंडासुरा."

राक्षसाचं तोंड एवढंसं झालं. तो उठून उभा राहिला. राणीनं डोळे मिटले. तेवढ्यात गोधडीतून दोन हात बाहेर आले. मोतीराजा टाळ्या वाजवत होता, खिदळत होता. राक्षस पुढं गाईना, तसं पोर रडायला लागलं. पुन्हा गा म्हणून.

राक्षस मटकन बसला. "त्याला आवडलं?"

"मला नसेल आवडलं. त्याला आवडलं," राणी म्हणाली.

मग तो पुन्हा गायला. गाता गाता त्याचे डोळे वाहायला लागले. एका हातानं त्यानं पाटा बाजूला केला. भर्रकन शब्द बाहेर आले आणि खाली गावाकडे उडाले. एक मात्र राणीच्या ओठावर येऊन बसला. ती म्हणाली, "भाकरी छान होती. गोधडी तर फार छान."

इकडं पायथ्याशी राजा बसून होता. अन्न नाही, पाणी नाही. डोंगरावरून कुणी उतरताना दिसलं, तेव्हा त्याला आधी खरंच वाटेना. मग तो धावत सुटला. राणीला बघितलं, पोराला बघितलं, दोघांना हात लावून बघितला.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की," राणी म्हणाली. "अजून वाटतेय."

राजाचं तोंड हललं. किती दिवस कौतुकाला बंद असलेलं तोंड ते. "शेवंते," तो म्हणाला, "शाब्बास."

राणीनं पोराला गवतावर ठेवलं. पोरानं बापाचं धोतर धरलं, उभं राहिलं, आणि वर बघायला लागलं. राजा खाली वाकला. म्हणाला, "शाब्बास रे माझ्या वाघा." पोरानं धोतर सोडलं. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग दाणकन पडलं आणि हसत पुन्हा उठलं. राजा तिथंच गवतात बसून रडला, आणि राणीनं त्याला रडू दिलं.

मग काय, राजानं दवंडी मागं घेतली, बैल चालले, गाईंनी दूध दिलं, ओव्या सुरू झाल्या. आणि धोंडासुराची गोधडी? ती त्यानं परत घेतलीच नाही. त्या रात्री तिघंही तिच्याखाली निवांत झोपली.

त्यांच्या घरी सुख नांदलं, तुमच्या डोळ्यांवर झोप नांदो. छान ऐकलंत हं सगळ्यांनी. मालू तर झोपलीसुद्धा. आता तुम्हीही मिटा डोळे.