निम्म्या हवेची गाडी

होड्या आणि गाड्या एकमेकींशी बोलत आणि माणसं तिकडे कानाडोळा करत, तेव्हाची ही गोष्ट.

किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात एक होडी पावसाळाभर नारळाच्या विणलेल्या झापांखाली पडून होती. समुद्राची गाज कानी आली की तिचा जीव कासावीस होई. नारळी पौर्णिमा झाली, तसा हिराजी नाखव्याने तिला ट्रॉलीवर चढवलं आणि ट्रॉली आपल्या नव्याकोऱ्या पिकअपला जोडली.

"दोन मिनिटांचं काम!" पिकअप गुरगुरली. तिच्या टायरांत हवा ठासून भरलेली, इंजिनाची ताकद तर विचारूच नका. पण ओढ सगळी मागच्या दोन चाकांची. मऊ वाळूत ती जागच्या जागी फिरली आणि रुतून बसली. समोर पाणी चमकत होतं. होडीला रडूच फुटलं.

मग नाखव्याने बर्फाच्या कारखान्यातली जुनी पिकअप मागून आणली. तिची चारही चाकं ओढत. ट्रॉली तिला जोडून नाखवा उकिडवा बसला आणि तिच्या टायरांतली निम्मी हवा सोडू लागला.

"अगं, तू तर खचत चाललीस!" होडी घाबरली.

"खचत नाही गं, पसरतेय. घाई नको करूस."

ती हळूहळू निघाली, कुठेच रुतली नाही. होडी तरंगली आणि आनंदाने ओरडली, "ये ना तूही!"

जुनी गाडी लाटेच्या काठाशी थांबली होती.

"आजवर चाळीसेक होड्या इथे आणून सोडल्या," ती म्हणाली. "परत आलीस की सांगशील मला? पलीकडे काय असतं गं?"