मेदुर ऋषींची वामकुक्षी

त्रेतायुगात, वैशाख वद्य षष्ठीला, सूर्य माथ्यावर आला तेव्हा वेत्रवतीच्या तीरावर वारा अगदी पडला होता. वाळू तापली होती आणि आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. अशा उन्हात कृशव्रत ऋषी एका पायावर उभे राहून जप करीत होते, पण त्यांची दृष्टी शेजारच्या आश्रमातील वटवृक्षाखाली खिळली होती.

तिथे मेदुर ऋषी निजले होते. नीवाराचा भात, त्यावर गाईचे तूप आणि शेवटी ताक, असे यथास्थित भोजन करून ते रोज डाव्या कुशीवर कलंडत. हरिणी त्यांच्या पाठीला टेकून रवंथ करी आणि त्यांचे घोरणे वेदघोषासारखे संथ लयीत चाले. उठत तेव्हा मुद्रा अशी टवटवीत, की शिष्य आपोआप भोवती जमत. कृशव्रतांकडे शिष्य टिकत नसे.

"तप माझे, आणि तेज त्या स्थूलाच्या मुखावर," ते पत्नीला म्हणाले.

"त्यांचे घोरणे ऐकता ऐकता आपण जपमाळ उलटी ओढता आहात, स्वामी," शुक्तिमती म्हणाली.

त्या मत्सराच्या बळावर कृशव्रतांनी झोप वर्ज्य करून असे उग्र तप मांडले, की जिच्यापुढे देव आणि दानव सारखीच मान टाकतात, ती नीलवसना निद्रादेवी स्वतः प्रकट झाली.

"तपोनिधे, माझ्यासाठी जागरण करणारा तूच पहिला. वर माग."

"देवी, मेदुराची दुपारची झोप मला दे."

"तुला वेगळी देते. माझ्याकडे तिला काय तोटा?"

"मला त्याचीच हवी. त्याला ती पुन्हा मिळू नये."

"तथास्तु. मात्र ती भोजनाच्या पाठोपाठ चालते. जेवलास की येईल."

कृशव्रतांनी 'तथास्तु' तेवढे ऐकले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दर्भाच्या शय्येवर डाव्या कुशीवर निजले, आणि डोळे टक्क उघडे राहिले. त्यांचे व्रत नक्ताचे. अन्न घेत ते सूर्यास्तानंतर.

शुक्तिमतीने पत्रावळीवर भात वाढून आणला. "चार घास घ्या. बिचारी झोप केव्हाची दाराशी ताटकळली आहे."

"व्रत मोडू? आणि मेदुराने ते पाहावे?"

"पाहणारच. आता जागे आहेत ना ते."

कृशव्रतांनी पत्रावळ दूर सारली. झोप दाराशी उभी राहून कंटाळली आणि अन्नाच्या वासामागे निघाली. भाकरी खाऊन वल्हे धरलेल्या नावाड्यावर ती आली, नाव प्रवाहाला लागली. राजसभेत न्याय सांगणाऱ्या अमात्यावर आली, निवाडा अर्ध्यावर राहिला.

तेव्हापासून दुपारी जेवलेल्या कोणावरही ती येऊन पडते. मेदुर ऋषींना दुपार जाईना, म्हणून ते रोज कृशव्रतांकडे येऊन बसू लागले आणि दिवस मावळेपर्यंत बोलत राहिले. कृशव्रतांचे व्रत अभंग राहिले. त्यांचा जप पुरा झाला नाही.