शेगडीवाली बयजा आणि मेणाने लिंपलेली खिडकी

एका राज्यात हिवाळा आठ महिने मुक्काम ठोकून राही, आणि उरलेले चार महिने लोक त्याच्याच तयारीत घालवीत. थंडी पडू लागली की घरोघरी फटी शेणामातीने लिंपायच्या, खिडक्या मेणाने बंद करायच्या आणि वसंतापर्यंत आत शेगडी पेटती ठेवायची, असा तिथला रिवाज. ऊब बाहेर घालवणे म्हणजे घरची लक्ष्मी हाकलणे, असे ते मानीत. हिवाळ्यात जो कोणी खिडकी उघडील, त्याला बर्फात हाकलून देत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण हे त्यांना सांगणार कोण?

एकदा धूम्रकेश नावाचा मांत्रिक वादळात वाट चुकून राजवाड्याच्या खिडकीशी आला. त्याने ठोठावले. कोणी उघडले नाही. तेव्हा तो म्हणाला, “तुमची शेगडी पेटती राहील. तिच्याभोवती बसाल ते झोपाल, आणि उठणार नाही.” एवढे बोलून तो धूर होऊन निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आचारी झोपले, पहारेकरी झोपले, प्रधानजी खुर्चीतच लवंडले. चौथ्या दिवशी सकाळी राणीचीही मान कलली. जागी उरली दोनच माणसे. एक राजा हेमराज. चाळीस दिवसांच्या मुलीला घेऊन तो दाराशी येरझाऱ्या घालीत होता. दुसरी बयजा, राजवाड्याची शेगडी तीस वर्षे सांभाळणारी. लाकडे आणायला ती सारखी बाहेर जाई, म्हणून वाचली होती.

“बयजाबाई,” राजा म्हणाला, “पोर दूध पीत नाही.”

बयजेने मुलीच्या छातीला कान लावला. श्वास होता, पण फार सावकाश. या पोरीची नाळ तिनेच कापली होती.

ती लाकडांसाठी दार उघडते तोच एक पिंगळा, लहानसे घुबडच ते, उडत आत शिरला आणि खोकत म्हणाला, “तुमचे धुराडे तुंबले आहे. तीन कामे कर. बोलत्या वखारीतून वाळलेले लाकूड आण. धुराडे आपल्या हाताने साफ कर. मग खिडकी उघड. सूर्य मावळायच्या आत सारे व्हावे.”

“पहिली दोन करते. तिसऱ्यात माझे मरण आहे.”

“मग पोरीचे असो,” पिंगळा म्हणाला, आणि कोनाड्यात जाऊन बसला.

बोलत्या वखारीत ओंडके छतापर्यंत रचले होते. बयजा आत येताच सगळे एकदम ओरडले, “मी वाळलेला! मी वाळलेला!” बोलणाऱ्याचे काय जाते? बयजेने एकेक ओंडका दुसऱ्यावर आपटून पाहिला. ओला होता तो थप्प वाजला, वाळलेला होता तो खणकन. खणखणीत तेवढे तिने पाठीवर घेतले आणि धावतच परतली. पोरीचे ओठ आता निळसर दिसत होते.

मग तिने शेगडी विझवली आणि ती धुराड्यात चढली. वर काजळीचा राक्षस हातपाय पसरून बसला होता. “कोण आहेस?” त्याने विचारले. उत्तर द्यायला बयजेला सवड नव्हती. तिने खराट्याने त्याला खरवडायला घेतले, तसा तो बोलता बोलता पाटीभर काजळी होऊन खाली पडला. डोळ्यांत, नाकात, दातांत काळे घेऊन ती उतरली आणि तिने नवे लाकूड पेटवले. पण जाळ गुदमरत होता. बाहेर ऊन डोंगराला टेकले होते.

बयजेने कोयता घेतला आणि ती खिडकीकडे वळली. राजा आडवा आला.

“थांब! गारठा आत आला तर माझी पोर मरेल.”

“आणि नाही आला तर, महाराज?”

राजा बाजूला सरला. बयजेने त्याच्या अंगरख्याचे बंद सोडले आणि पोर त्याच्या उघड्या छातीशी दिली. “अंगाची ऊब द्या. बाप आहात.” मग देवाचे नाव घेऊन तिने मेणावर कोयता घातला.

वारा बर्फ घेऊन आत घुसला. शेगडीने मोठा श्वास घेतला, जाळ उभा राहिला आणि धूर सरळ वर निघून गेला. किती वेळ गेला कोणास ठाऊक. बयजेला तो जन्माएवढा वाटला. राजाच्या अंगरख्यात काहीच हलेना. तिला वाटले, आपणच मारली.

आणि पोरीने भोकाड पसरले.

त्या आवाजाने राणी उठली, आचारी उठले, पहारेकरी उठले. सर्वांत मोठ्याने उठले प्रधानजी. “खिडकी कोणी उघडली?” ते गरजले. “रिवाजाप्रमाणे त्याला बर्फात काढा!”

कोयता बयजेच्या हातात होता. तिने पुढे पाऊल टाकले.

“आम्ही उघडली,” राजा म्हणाला.

बयजा मटकन शेगडीपाशी बसली आणि काळ्या तोंडाने रडू लागली. तेव्हापासून त्या राज्यात प्रत्येक घराची एक खिडकी चार बोटे उघडी असते. त्यांच्या धुराला वाट मिळाली, तशी तुमच्याआमच्या धुरालाही मिळो.