आटलेली शेळी

माणदेशातल्या एका वस्तीवर ठकूबाई नावाची विधवा राहत होती. एक खोपट, एक शेळी आणि त्या शेळीचं करडू, एवढाच तिचा संसार. बाई मोठी मानी. कुणाच्या दारी कधी चिमूटभर मीठ मागायलाही गेली नव्हती.

एकदा शेजारची कोंडाबाई बाळंतपणात गेली. मुलगी तेवढी वाचली. तिला जवळचं कुणीच नव्हतं. ठकूबाईने तिला पदरात घेतलं आणि शेळीच्या दुधावर वाढवू लागली.

पोर अशक्त होती. ती रडली की ठकूबाईचा जीव खालीवर व्हायचा. दूध कमी पडू नये म्हणून तिने करडू लांब बांधलं आणि दिवसातून चार-चारदा धार काढू लागली. करडू ओरडायचं. शेळी तिकडे मान वळवून उभी राहायची. ठकूबाई मात्र खाली बघून पिळत राहायची.

शेळीची हाडं वर आली. दूध रोज कमी होत गेलं. एका सकाळी भांड्याचा तळही भिजला नाही. ठकूबाई पोरीला घेऊन वस्तीवरच्या म्हाताऱ्या धनगराकडे, मायाप्पाकडे गेली.

"तात्या, शेळीचं दूध संपलं. आता या लेकराला काय पाजू?"

मायाप्पा खोपटापाशी आला. त्याने शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "संपलं नाही पोरी, आटलंय. संपलेलं परत येत नाही. आटलेलं येतं, पण त्याला सवड द्यावी लागते. तू अशीच पिळत राहिलीस, तर मात्र संपेल."

"मग काय करू?"

"पंधरा दिवस धार काढू नकोस. करडू आईपाशी सोड. शेळीला चार घास जास्त घाल."

"आणि ही? हिला उपाशी ठेवू?"

"वस्तीवर लेकुरवाळ्या बाया आहेत. त्यांना माग."

ठकूबाई बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. मागायचं म्हटलं की तिची जीभ उचलत नसे. मांडीवर पोर कण्हली, तशी ती उठली. आधी तिने करडाचं दावं सोडलं. मग वस्तीवरच्या लेकुरवाळ्या पारूच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"पारू, माझ्या लेकीला जरा पाजतेस का?"

पारूने काही न विचारता हात पुढे केले. पोर पिऊन झोपल्यावर ती म्हणाली, "मावशी, रोज आणा. पण मलाही माझं बाळ आहे. सकाळी माझ्याकडे या, दुपारी गजराकडे जा, तिचंही बाळ अंगावर पितंय. दोघींना झेपेल."

पंधरा दिवसांत शेळीच्या अंगावर मांस चढलं. कास पुन्हा जड झाली. ठकूबाई धारेला बसली. एका सडाचं दूध तिने काढलं आणि दुसरा सड करडासाठी तसाच ठेवला.

पोरीचं पोट तेवढ्यात भरलं.

तात्पर्य: आटत चाललेल्याला आणखी पिळू नये; थोडं त्याच्यापाशी राहू द्यावं, म्हणजे ते पुन्हा भरतं.